एका नावाच्या दोन नोंदी

आमच्या धंद्यात एरर आली की मला बरं वाटतं. एरर म्हणजे निदान मशीन बोलतंय. लॉग उघडायचा, खालून वर वाचत जायचं, आपण लिहिलेल्या फाइलचं नाव दिसेपर्यंत बाकीच्या ओळी सोडून द्यायच्या. तिथं कुठंतरी कारण सापडतं. मला धास्ती असते ती सगळं सुरळीत चालू असताना खोटं काहीतरी दाखवणाऱ्या स्क्रीनची. एकदा तशी स्क्रीन आली आणि ती माझ्या धाकट्या भावाची होती.

आमचं ऑफिस नांदेडला स्टेशनच्या बाजूला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. जावामध्ये वेब अ‍ॅप्लिकेशनं करायचो. कॉलेजचे प्रवेश, दवाखान्याचे नंबर, असलं. मालक बहुतेक वेळ बाहेर असायचे. कोड लिहिणारे आम्ही दोघंच. दुसरा जुन्या नांदेडातल्या शिवणकाम करणाऱ्या मुसलमान घरातला होता. तो मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा, मी त्याला भाई. रोज भांडायचो आणि रोज एकत्र चहा प्यायचो. मी तोंडाची फटकळ आहे, हे तो मालकांनाही सांगून चुकला होता.

लातूरचा एक क्लास आमचं गिऱ्हाईक होता. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. भिंत दिसली की तिच्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि घर दिसलं की वरच्या मजल्यावर होस्टेल. या क्लासमध्ये बाहेरची एक संस्था भूकंपाच्या गावांतल्या मुलांसाठी एक मोफत तुकडी चालवायची. शिकवणी, खोली, मेस, सगळं दोन वर्षं फुकट. त्यासाठी एक परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेचं हॉल तिकीट आमच्या अ‍ॅप्लिकेशनमधून निघायचं.

भाऊ नुकताच दहावी झाला होता. त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. गाईच्या पोटाला कान लावून बसायचा आणि आम्हाला गप्प राहा म्हणायचा. ती तुकडी मिळाली तर लातूर, नाहीतर तालुक्याला जाऊन-येऊन करायचं आणि सायन्सचं जमेल तसं बघायचं. वडिलांनी सांगून टाकलं होतं की जमेल तसं म्हणजे जमणार नाही. त्याने अर्ज भरला होता. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती, हॉल तिकिटाचा तो शेवटचा दिवस, आणि लातूरचं काउंटर पाचला बंद होणार होतं. तो घरून पहिल्या एसटीने निघून रांगेत उभा राहिला होता.

नेमकं त्याच दिवशी आम्ही नवी आवृत्ती चढवली. शेवटच्या दिवशी हात लावू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण आधीच्या आवृत्तीत हॉल तिकिटावर केंद्राचा पत्ताच येत नव्हता, त्यामुळे इलाज नव्हता. सर्व्हर लातूरला क्लासच्याच एका खोलीत, इन्व्हर्टरच्या भरवशावर. आम्ही नांदेडहून रिमोटने काम करायचो.

सकाळी टॉमकॅट, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन चालवणारा प्रोग्राम, बंद केला, नवी आवृत्ती बांधलेली वॉर फाइल ठेवली, टॉमकॅट चालू केला. लातूरहून काउंटर सांभाळणाऱ्या सरांचा फोन आला, की पत्ता अजून नाहीच. मी म्हटलं, ब्राउझर ताजा करा. ते म्हणाले, चारदा केला. जाऊन बघितलं तर वॉर फाइल नवी आणि शेजारचं उलगडलेलं फोल्डर जुनंच. बंद असताना फाइल बदलली की टॉमकॅट जुनं फोल्डर बघतो आणि समाधानी राहतो. भाईला हे माहीत होतं, मला माहीत होतं, तरी दोघंही विसरलो. फोल्डर पुसलं, टॉमकॅटचं तात्पुरतं वर्क फोल्डर पुसलं, पुन्हा चालू केलं. पत्ता आला.

मग थोड्या वेळाने सगळंच थिजलं. पान उघडेना, एररही दिसेना, नुसतं चाक फिरत होतं. हे मात्र लॉगमध्ये होतं. डेटाबेसची कनेक्शनं संपली होती. शोध घेणाऱ्या एका पानात कनेक्शन घेतलं होतं, आणि मध्येच एरर आली तर ते परत करायची ओळ गाळली जात होती. दिवसभर कोणी शोधलंच नाही तर काही होत नाही. रांग लागली की तासाभरात कनेक्शनांचा साठा रिकामा. ती ओळ फायनलीमध्ये, म्हणजे काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात, टाकली, पुन्हा चढवलं. भाई म्हणाला, "आज तर नजर लागली, बाजी." मी म्हटलं, "नजर न्हाई, तुमचा कोड लागला." तो हसला. जेवायच्या वेळेपर्यंत रांग हलायला लागली होती आणि आम्ही डबे उघडले.

तेवढ्यात भावाचा फोन आला. आजूबाजूला गलका चालला होता.

"अक्का, हितं मला मयत दाखवायलंय."

"काय?"

"स्क्रीनवर. नाव माझंच हाय, बापाचं हाय, गाव हाय. म्होरं मयत लिवलंय. प्रिंटचं बटनच दाबंना. सर म्हंतेत, बाबा, तू मेलायस, घरी जा." तो हसत होता. मागे अजून कोणी हसत होतं. "माझ्या मागच्या दोघांचंबी तसंच हाय. दोघं आपल्याच बाजूचे."

मी म्हटलं, रांग सोडू नको. फोन ठेवला. लॉग बघायची गरज नव्हती. मला तिथल्या तिथे कळलं होतं, काय झालंय ते.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव गेलं. मी तेव्हा शाळेत जात होते. मला त्यातलं फार सांगता येत नाही, आणि लोकांना वाटतं की मी लपवते. मला धूळ आठवते. लष्कराच्या माणसाने दिलेला बिस्किटांचा पुडा आठवतो, तो मी खाल्ला आणि कोणाला दिला नाही. आम्ही घरात चौघं होतो, तिघं निघालो. माझा लहान भाऊ निघाला नाही. मग पत्र्याच्या शेडमध्ये किती तरी उन्हाळे काढले आणि मग नव्या जागी एकसारख्या घरांच्या ओळीत राहायला गेलो. मी रडले का, हे मी आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, कुणाला ध्यान होतं तुझ्याकडं.

आईचं मुलं बंद व्हायचं ऑपरेशन झालेलं होतं. आमच्याकडे दोन मुलांवर बायका करून टाकायच्या. भूकंपानंतर नस परत जोडायचं ऑपरेशन करून देतात असं कळलं आणि गावोगावच्या बायका जीप भरून दवाखान्यात जाऊन आल्या. त्यात आई होती. बऱ्याच जणींना पुढे काही झालं नाही. आईला झालं, मुलगाच झाला. बारशाला आत्याने पाळण्यात वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं, ते गेलेल्याचंच. कोणी चकित झालं नाही. शेजारच्या घरात तसंच झालं होतं, पलीकडच्या गल्लीत पण. घुगऱ्या वाटल्या, बायका घरी गेल्या. त्या दिवसापासून आई तेच नाव घेऊन हाक मारायला लागली आणि एक पोरगं ओ द्यायला लागलं. आधीचा आणि आत्ताचा असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. तसं म्हणायची वेळच येऊ दिली नाही. मीही येऊ दिली नाही.

संस्थेने भूकंपानंतर घरोघर जाऊन पाहणी केली होती. घरात कोण हयात, कोण मयत. मग काही वर्षांनी परत येऊन नव्याने जन्मलेल्यांची नोंद घेतली. तीच पाहणी आम्ही डेटाबेसमध्ये भरली होती, कारण पाहणीत घर असेल तरच मूल परीक्षेला पात्र. आणि त्या सकाळी नव्या आवृत्तीबरोबर भाईने दुबार नोंदी साफ करणारी एक स्क्रिप्ट चालवली होती. शोधताना एकाच मुलाचं नाव दोनदा येतं अशी काउंटरवरून तक्रार होती म्हणून. मी तेव्हा वॉर फाइलशी भांडत होते. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"भाई, दुबार म्हणजे काय धरलं तुम्ही?"

"गाव एक, बापाचं नाव एक, पोराचं नाव एक. म्हणजे माणूस एक. जुनी नोंद ठेवलो, नंतरची काढलो. अर्ज जुन्या नंबराला जोडून दिलो. आणि पुन्हा डबल होऊ नये म्हणून युनिक इंडेक्स पण टाकलो." तो डब्यातून मान वर न करता सांगत होता. काम चोख केलं होतं.

"माणूस एक न्हाई ते. दोन हायत."

"एका बापाला एका नावाचे दोन पोरं?"

"एक मेला. मग दुसरा झाला. त्याला तेच नाव ठेवलं."

त्याने घास हातात धरला तसाच धरून ठेवला. "तेच?"

"आमच्याकडं ठेवतेत."

नांदेडात त्या पहाटे फळीवरची भांडी वाजली होती, एवढंच तो घरात ऐकत मोठा झाला होता. भूकंप म्हणजे त्याच्यासाठी भांडी. त्याचा दोष नव्हता. आमच्या गावाकडचा कोणीही ही स्क्रिप्ट लिहिताना थांबला असता, आणि नांदेडचा कोणीही थांबला नसता.

"रांगेत उभाय त्यातला एक माझा भाऊ आहे," मी म्हटलं.

भाईने डबा बंद केला आणि हात धुवायला गेला. आल्यावर खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

सरांचा फोन परत आला. रांगेत अशी अजून मुलं निघाली होती आणि पालक चिडले होते. माणूस भला होता, पण त्याला पाच वाजेपर्यंत रांग संपवायची होती. "मॅडम, एवढं काय त्यात? ज्यांनी अर्ज केलाय त्यांच्यापुढचं मयत काढून हयात करून टाका. एका ओळीचं काम हाय म्हणतेत आमचे कॉम्प्युटरवाले."

खरं होतं. एका ओळीचंच काम होतं. मी ती ओळ टाइप केली. अपडेट, टेबलचं नाव, सेट स्थिती बरोबर हयात, आणि कोणासाठी ती अट. एंटर मारायच्या आधी, किती नोंदी बदलतील ते बघायची माझी सवय आहे, म्हणून तीच अट लावून आधी नुसत्या नोंदी बाहेर काढल्या. गावं ओळखीची. आडनावं ओळखीची. खाली सरकत गेले. आमचं घर आलं. वडिलांचं नाव, भावाचं नाव, वय चार, जन्मतारखेचा रकाना रिकामा, स्थिती मयत.

मला काही वाटलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, ही माझी जुनी खोड आहे. वाटायला हवं असतं तेव्हा मला वाटत नाही. हात गार पडतात आणि डोकं चालू राहतं. एंटर मारला असता तर तो हयात झाला असता, आणि त्याच्यासारखे बाकीचे सगळे. मी तो मारला नाही, त्याला कारण एवढंच की हॉल तिकिटावर वय चार छापून आलं असतं आणि परीक्षेच्या दारात पोराला परत पाठवलं असतं. भाई स्क्रीनकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "बाजी, तुम्ही उठा. मी करतो." मी म्हटलं, "बसा गप." ओळ पुसली.

भाईला एक चांगली सवय होती. काहीही पुसण्याआधी तो डेटाबेसचा डम्प, म्हणजे अख्खी नक्कल, घेऊन ठेवायचा. तो डम्प होता. पण तो सरळ परत चढवला असता तर सकाळपासून आलेलं सगळं काम वाहून गेलं असतं. म्हणून शेजारी दुसरा रिकामा डेटाबेस उघडून त्यात डम्प चढवला. लातूरच्या त्या मशीनवर ते किती सावकाश चालतं ते बघत बसावं लागलं. मध्येच लातूरची वीज गेली, इन्व्हर्टरने धरलं. सरांना सांगितलं, खोलीतले पंखे बंद करा. जुन्या डेटाबेसमध्ये होत्या आणि नव्यात नव्हत्या त्या नोंदी शोधल्या. त्या परत आणायला गेलो तर भाईच्या युनिक इंडेक्सने दारातच अडवलं. नाव तेच, बाप तोच, गाव तेच, दुसरा आत येऊ शकत नाही.

इंडेक्समध्ये जन्मतारीख घालायची असं ठरलं. भाई म्हणाला, गेलेल्यांच्या जन्मतारखा कुठं आहेत, रकाना तर रिकामा. मी म्हटलं, रिकामा आहे तेच बरं. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसमध्ये रिकामी किंमत कशाशीच सारखी धरत नाहीत, दुसऱ्या रिकाम्या किमतीशीसुद्धा नाही. त्यामुळे जन्मतारीख नसलेला कोणाला अडवत नाही. जुना इंडेक्स काढला, नवा टाकला, नंतर जन्मलेले सगळे आपापल्या जागी आले. अर्ज परत त्यांच्या नंबरांना जोडले. गेलेले होते तिथेच राहिले. शोधल्यावर दोन नावं येऊ नयेत म्हणून त्या पानावर फक्त हयात दाखवायची अट घातली. मुळात एवढंच करायला हवं होतं.

पहिलं तिकीट मी भावाचं काढायला लावलं. वशिला म्हणा हवं तर. त्याला फोन केला, "जा खिडकीवर." तो फोन चालू ठेवून गेला. प्रिंटरचा आवाज मला नांदेडला ऐकू आला. सर म्हणाले, "झाला बाबा जिवंत." रांगेत हशा पिकला. मागचे दोघंही झाले, मग बाकीचे. पाचच्या आत खिडकी रिकामी झाली. भाईने खाली जाऊन चहा सांगितला आणि वर येऊन माझ्यासमोर बिस्किटांची बशी ठेवली. मालकांना यातलं काय आणि किती सांगायचं ते आम्ही ठरवलं, म्हणजे फार नाही.

मग भावाचा परत फोन आला. तो लातूरच्या स्टँडवर होता. मुक्काम एका मित्राच्या खोलीवर होता, तिकडे जाणाऱ्या सिटी बसची वाट बघत होता. आता तो हसत नव्हता.

"अक्का, खिडकीतून मी स्क्रीन बघितली दुपारी. वय चार लिवलंय."

"हं."

"चार म्हंजे बोलत असंल की चांगला."

"असंल."

"मला कुणीच सांगितलं न्हाई चार. मला वाटायचं लई बारका होता, अंगावर पिणारा. कसा होता गं?"

सतरा वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. मी खरंच आठवायला लागले. उंबरा आठवला, चुलीशेजारची जागा आठवली, तिथं कोणीतरी बसलेलं होतं, तेही आठवलं. चेहरा बघायला गेले की ह्याचा यायचा. ह्याचाच, लहानपणचा, नव्या घराच्या अंगणातला. मी परत गेले, परत तोच आला. फोटो एकही नव्हता. आमच्यापैकी कोणाकडेच काही नव्हतं.

"मला आठवत न्हाई रे," मी म्हटलं. "त्याला आठवायला गेलं की तूच येतोस."

मागे कंडक्टर गावांची नावं घेऊन ओरडत होता.

"मग मी बारका होतो तवा तू कुणाला बघायचीस?"

कोणी दुसऱ्याने विचारलं असतं तर मी फोन आपटला असता. "त्याला," मी म्हटलं. "आईबी त्यालाच बघायची."

"आन् मला कवापसून?"

मला विचार करावा लागला नाही. कोणी विचारायची मी वाटच बघत होते की काय, असं उत्तर तयार होतं.

"तुला पाच पुरी झाली तवापसून. चाराच्या म्होरं तो कसा दिसंल, ते आमाला ठावंच नव्हतं."

मग तो म्हणाला, "उद्या पेपर हाय, अक्का. बस आली." आणि थोडं थांबून, "आईला इचारू का, तो कसा होता?"

"इचार," मी म्हटलं.

फोन ठेवला. भाई काही विचारत होता, बहुतेक चहा गार झाला म्हणून. मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले, आणि खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून कोणीतरी वर बघायला येईपर्यंत मला थांबता आलं नाही.